विश्लेषण : शत्रू दारात आला की कंपन्या पत्ता का हलवतात? हाँगकाँग, बर्मा, लाहोर आणि गोव्यात काय घडले?

बीडजवळच्या नारायणगडाला भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. हा गड उद्या दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार, असे कुणी म्हटले तर ऐकणारा हसेल. गड म्हणजेच ती जागा. कंपनीचे तसे नसते. तिचे कारखाने एका राज्यात, भागधारक दुसऱ्या राज्यात आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे ‘घर’ तिसऱ्याच ठिकाणी असू शकते. हे घर हलवताही येते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात छापल्या जाणाऱ्या नोंदणीकृत कार्यालय बदलाच्या जाहीर सूचना याच कामासाठी असतात. एरवी कुणी त्या वाचत नाही. मात्र युद्ध जवळ आले, की हीच रूक्ष प्रक्रिया एखाद्या बँकेच्या किंवा कंपनीच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरते. दुसऱ्या महायुद्धात, फाळणीत आणि गोवामुक्तीच्या वेळी हे दिसले. त्यातून कोण वाचले आणि कोण मागे राहिले?

नोंदणीकृत कार्यालय म्हणजे नेमके काय?

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली ‘व्यक्ती’. तिला देह नसतो, म्हणून कायदा तिला पत्ता देतो. सरकारी नोटीस, न्यायालयाचे समन्स, भागधारकांची पत्रे याच पत्त्यावर येतात. कंपनी कोणत्या निबंधकाच्या अखत्यारीत आणि कोणत्या न्यायालयाच्या कक्षेत येते, हेही या पत्त्यावरून ठरते. मुख्य व्यवसाय कुठे चालतो किंवा अध्यक्ष कुठे बसतात, याचा नोंदणीकृत कार्यालयाशी संबंध असेलच असे नाही.

ब्रिटिश पद्धतीच्या कंपनी कायद्यात एक मेख आहे. ज्या प्रदेशाच्या कायद्याने कंपनी जन्मली, त्या प्रदेशातच तिचे नोंदणीकृत कार्यालय असावे लागते. हाँगकाँगच्या कायद्याखाली नोंदलेली कंपनी मनात आले म्हणून आपले कार्यालय लंडनला नेऊ शकत नाही. आपल्याकडच्या १९१३ च्या कंपनी कायद्यातही एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याची सोय होती, तीही न्यायालयाच्या मंजुरीने. देशाबाहेर जाण्याची वाट नव्हती. शांततेच्या काळात याने काही अडत नाही. शत्रूच्या फौजा सीमेवर आल्या, की हीच मेख गळफास बनते.

युद्धात पत्त्याला एवढे महत्त्व का येते?

युद्ध सुरू झाले, की शत्रूशी व्यापार करण्यावर बंदी येते. पण ‘शत्रू’ कोण, याचे उत्तर अशा कायद्यांत केवळ राष्ट्रीयत्वावर ठरत नाही. शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात ज्याचे वास्तव्य किंवा व्यवसाय आहे, तोही कायद्याच्या नजरेत शत्रू ठरू शकतो, मग मनाने तो कितीही मित्र असो.

रॉटरडॅमच्या व्हॅन युडेन्स या जहाज कंपनीला याचा फटका बसला. तिचा सोव्हफ्राख्ट या सोव्हिएत संस्थेशी जहाजाच्या भाडेकराराचा वाद होता आणि तो लंडनमध्ये लवादापुढे जायचा होता. दरम्यान मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स गिळंकृत केले. डच सरकार लंडनमध्ये आश्रयाला होते आणि ब्रिटनचे मित्रही होते. तरीही ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ही कंपनी शत्रूव्याप्त प्रदेशातील असल्याने ‘परकीय शत्रू’ ठरते आणि तिला दाद मागता येणार नाही, असा निकाल दिला. कंपनी तीच, माणसे तीच, पण पत्त्याभोवतीचा झेंडा बदलला होता.

म्हणजे पत्ता शत्रूच्या हाती गेला, की दोन्हीकडून कोंडी होते. तिकडे नवा सत्ताधीश कंपनीच्या नावाने आदेश काढू शकतो आणि परदेशातील तिची रक्कम मागू शकतो. इकडे मित्रदेश तीच रक्कम शत्रूची म्हणून गोठवतात. पत्ता वेळेत हलवला तर परदेशातील ठेवी, जहाजे, पेटंट आणि येणी यांवरचा हक्क शाबूत राहतो.

अर्थात पत्ता हे सर्वस्व नाही. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये डाइम्लर विरुद्ध कॉन्टिनेंटल टायर या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनेच सांगितले होते, की कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली असली तरी तिची सूत्रे जर्मनांच्या हाती असतील तर ती शत्रू ठरू शकते. त्यामुळे पत्त्याबरोबर निर्णय घेणारी माणसेही सुरक्षित जागी असावी लागतात.

नेदरलँड्सने आधीच कायदा कसा केला?

धोका ओळखून डच सरकारने २६ एप्रिल १९४० रोजी स्वेच्छेने मुख्यालय हलवण्याचा कायदा लागू केला. डच कंपन्यांना साम्राज्याच्या दुसऱ्या भागात कायदेशीर घर नेण्याची मुभा मिळाली. जर्मन आक्रमण १० मे रोजी झाले, म्हणजे हाती अवघे दोन आठवडे होते. तेवढ्यात फिलिप्स आणि रॉयल डच या बड्या कंपन्यांचे कायदेशीर मुख्यालय कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ या चिमुकल्या डच वसाहतीत गेले. फिलिप्सचे कारखाने मात्र आइंडहोव्हनलाच राहिले आणि जर्मनांच्या ताब्यात गेले. मागे थांबलेल्या फ्रिट्स फिलिप्स यांना १९४३ मध्ये काही महिने व्हुख्टच्या छळछावणीत काढावे लागले. मात्र अमेरिका आणि ब्रिटनमधील मालमत्ता जर्मन आदेशांच्या कक्षेबाहेर राहिली.

येथे वसाहत ही आश्रयाची जागा होती. दीड वर्षाने आशियात उलट घडले. तेथे वसाहतीच शत्रूच्या मार्‍यात आल्या.

हाँगकाँगच्या बँकेने काय केले?

हाँगकाँग अँड शांघाय बँकिंग कॉर्पोरेशन, म्हणजे आजची एचएसबीसी, १८६५ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झाली. तिच्या स्थापनेत मुंबईशी नाते असलेल्या पारशी व्यापाऱ्यांचाही हात होता. ती हाँगकाँगच्या खास कायद्याने उभी राहिलेली, त्यामुळे मुख्यालय तेथेच असणे बंधनकारक. जपानने ८ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला केला आणि २५ डिसेंबरला हाँगकाँगने शरणागती पत्करली. या धामधुमीत मुख्यालय लंडनला गेले. लंडनमध्ये असलेले आर्थर मोर्स यांच्याकडे सूत्रे आली आणि ब्रिटिश सरकारच्या आदेशाने या बदलाला कायद्याचा आधार मिळाला. भारतासह ज्या शाखा जपानच्या टापूबाहेर होत्या, त्यांचा कारभार त्यामुळे चालू राहू शकला.

पण मुख्यालय लंडनला पोहोचले तरी मुख्य व्यवस्थापक व्हँडेलर ग्रेबर्न हाँगकाँगमध्येच होते. जपानी कैदेत १९४३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची जागा घेऊ शकणारे डेव्हिड एडमंडस्टन हेही कैदेतच गेले. तिजोरीत पडून असलेल्या, अजून चलनात न आलेल्या नोटांवर जपान्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांकडून सक्तीने सह्या करून घेतल्या आणि त्या बाजारात आणल्या. युद्ध संपल्यावर या नोटा खऱ्या मानायच्या की नाही, हा मोठा पेच होता. अखेर १९४६ मध्ये त्या मान्य करण्यात आल्या. नोट हाती असलेल्या सामान्य माणसाचा यात दोष नव्हता, आणि नोटा नाकारल्या असत्या तर बँकेवरचा विश्वास उडाला असता. त्याच वर्षी मुख्यालय हाँगकाँगला परतले.

बर्मा पडले, मग मुंबईची कंपनी कशी तगली?

रत्नागिरीचा थिबा राजवाडा अनेकांनी पाहिला असेल. बर्माचा राजा थिबा तेथे आला, त्यामागे मुंबईत नोंदलेल्या एका कंपनीचा वाद होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. धंदा मात्र बर्माच्या जंगलातील सागवानाचा. लाकूड कमी दाखवल्याचा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. ब्रिटिशांनी त्याचे निमित्त करून युद्ध पुकारले, बर्मा खालसा केला आणि राजाला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. तेथेच १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

पुढे १ एप्रिल १९३७ रोजी बर्मा भारतापासून वेगळा झाला आणि ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती पडले. बर्माचे ब्रिटिश सरकार सिमल्याला येऊन बसले. लाखो भारतीय डोंगर-जंगल तुडवत आसाम आणि बंगालकडे निघाले. वाटेत कॉलरा, मलेरिया आणि उपासमारीने हजारो मेले. याच कंपनीत नोकरी केलेले जे. एच. विल्यम्स यांनी हत्तींच्या मदतीने निर्वासितांना भारतात आणल्याची कहाणी पुढे जगभर गाजली.

कंपनीला मात्र पत्ता हलवावा लागला नाही. तिचे कायदेशीर घर पहिल्यापासून मुंबईत होते. जंगले, करवती, लाकडाचे साठे गेले. नोंदवह्या, भागधारक आणि दक्षिण भारतातील चहाचे मळे राहिले. युद्धानंतर स्वतंत्र बर्माने सागाची जंगले ताब्यात घेतली, तरी कंपनी मेली नाही. आज ती वाडिया समूहात आहे.

पत्ता सुरक्षित असला की कंपनी जगते. पण जंगलात राबणारे मजूर, रंगूनच्या गोदीतील हमाल आणि तेथील छोटे दुकानदार यांना दुसरा ‘नोंदणीकृत पत्ता’ नव्हता. त्यांचे घर आणि धंदा एकाच जागी होता आणि तीच जागा गेली.

फाळणीत लाहोर-दिल्ली आणि मुंबई-कराची वाट कशी होती?

फाळणी हे दोन देशांमधले युद्ध नव्हते, पण जीव आणि मालमत्तेवरचा धोका युद्धासारखाच होता. लाहोरला मुख्यालय असलेल्या पंजाब नॅशनल बँकेने परिस्थितीचा अंदाज घेऊन नोंदणीकृत कार्यालय दिल्लीला नेण्याचे ठरवले. कायद्याप्रमाणे न्यायालयाची मंजुरी हवी होती. लाहोर उच्च न्यायालयाने ती २० जून १९४७ रोजी दिली, म्हणजे सीमारेषा जाहीर होण्यापूर्वी जवळपास दोन महिने.

पुढे पश्चिम पाकिस्तानातील ९२ कार्यालये बँकेला बंद करावी लागली. एकूण ठेवींपैकी सुमारे ४० टक्के ठेवी तेथील होत्या. निर्वासित ठेवीदार दिल्लीत आले तेव्हा अनेकांकडे पासबुकही नव्हते. हाती असेल तो पुरावा ग्राह्य धरून त्यांचे पैसे परत केल्याचे बँकेचा इतिहास सांगतो. पत्ता हलवण्याचा खरा उपयोग येथे दिसतो. कार्यालय आधी सुरक्षित झाले, म्हणून नंतर आलेल्या ठेवीदाराला दार ठोठावायला जागा उरली.

उलट दिशेचे उदाहरण मुंबईचे. हबीब बँक १९४१ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि १९४७ मध्ये तिचे मुख्यालय कराचीला गेले. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानी नागरिक आणि कंपन्यांची भारतातील मालमत्ता ‘शत्रू मालमत्ता’ म्हणून सरकारच्या ताब्यात गेली आणि १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. या मालमत्तांचा सांभाळ करणाऱ्या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय अनेक वर्षे मुंबईत होते.

गोव्यातून काय हलवले गेले?

पोर्तुगीज गोव्यात नोटा छापण्याचा अधिकार असलेली बँक होती बांको नॅसिओनाल उल्ट्रामारिनो. तिचे मुख्यालय लिस्बनलाच होते, म्हणजे पत्ता हलवण्याचा प्रश्न नव्हता. पण गोव्यातील शाखेत सामान्य गोवेकरांनी कर्जासाठी तारण ठेवलेले दागिने होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची कारवाई जवळ आली, तेव्हा हे सोने लिस्बनला रवाना करण्यात आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कर्जदार गोव्यात, त्यांचे दागिने पोर्तुगालमध्ये आणि दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नाहीत, अशी स्थिती झाली.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरच्या करारात मान्य केले. दागिने परत यायला मात्र १९९१ उजाडले. तीस वर्षांत अनेक मूळ कर्जदार हयात राहिले नव्हते. वारसांना जुन्या पावत्या शोधाव्या लागल्या. बँकेच्या दृष्टीने तारण सुरक्षित राहिले. ज्याचे ते दागिने, त्याच्या दृष्टीने ते एका पिढीपुरते गेले.

मराठवाड्याचा याच्याशी काय संबंध?

नारायणगड ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारताची पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने हात टेकले. त्याच सुमारास निजाम सरकारचे मंत्री मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवण्यात आली. काही दिवसांतच निजामाने ही रक्कम आपल्या संमतीशिवाय हलवल्याचे सांगून परत मागितली. बँकेने ती कुणालाच दिली नाही.

पाकिस्तान सार्वभौम राष्ट्र असल्याने त्याच्यावर दावा चालणार नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५७ मध्ये म्हटले आणि पैसा अडकला. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ रोजी, लंडनच्या उच्च न्यायालयात, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. शत्रू दारात असताना घाईने हलवलेल्या पैशाचा मालक ठरवायला ७१ वर्षे लागली. पत्ता किंवा पैसा हलवताना अधिकार कुणाचा, हे कागदावर स्वच्छ नसेल तर काय होते, याचे हे मराठवाड्याच्या इतिहासातले उदाहरण.

युद्ध नसतानाही कंपन्या असे करतात का?

करतात. हाँगकाँग चीनला परत जाणार हे दिसू लागताच जार्डिन मॅथेसन या जुन्या व्यापारी समूहाने १९८४ मध्ये आपले कायदेशीर घर बर्म्युडाला नेले. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय हे या समूहाच्या संस्थापकांचे चीन व्यापारातील जुने सहकारी. एचएसबीसीनेही १९९३ मध्ये समूहाचे मुख्यालय लंडनला हलवले. स्पेनमध्ये २०१७ साली कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचा पेच चिघळला, तेव्हा कैशाबँक आणि साबादेल या बँकांनी काही दिवसांत नोंदणीकृत कार्यालय कॅटलोनियाबाहेर नेले. ठेवीदारांचा धीर सुटू नये, हा हेतू होता. स्वित्झर्लंडने तर युद्धकाळात कंपन्यांचे कार्यालय हलवण्याचे नियम १९५७ मध्येच करून ठेवले आहेत.

भारतात आज नियम काय आहेत?

कंपनी कायदा २०१३ नुसार त्याच शहरात किंवा गावात पत्ता बदलायचा असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि निबंधकाला कळवणे पुरते. त्या हद्दीबाहेर जायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. महाराष्ट्रात एकापेक्षा अधिक कंपनी निबंधक असल्याने एकाच्या अखत्यारीतून दुसऱ्याकडे जायचे तर प्रादेशिक संचालकांची मान्यता लागते. राज्य बदलायचे असेल तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारच्या वतीने प्रादेशिक संचालकांची मंजुरी हवी. भारतात नोंदलेल्या कंपनीला नुसता पत्ता बदलून देशाबाहेर जाता येत नाही. त्यासाठी परदेशी कंपनीत विलीन होण्याचा वेगळा मार्ग आहे.

राज्य बदलणाऱ्या कंपनीने जिल्ह्यातील मुख्य भाषेच्या दैनिकात आणि इंग्रजी दैनिकात सूचना छापायची असते. ज्याच्या हिताला बाधा येते, तो १४ दिवसांत हरकत घेऊ शकतो. धनकोंची यादी द्यावी लागते आणि या बदलामुळे एकाही कर्मचाऱ्याला कामावरून कमी करणार नाही, असे प्रतिज्ञापत्रही कंपनीला द्यावे लागते.

हाँगकाँग, रंगून आणि गोव्यात मागे राहिलेल्यांना विचारणारे कुणी नव्हते. युद्धाच्या घाईत ते शक्यही नसते. म्हणूनच कंपन्या, बँका आणि सहकारी संस्थांनी नोंदी, तारण आणि सह्यांचे अधिकार यांची व्यवस्था शांततेतच लावून ठेवायची असते. ठेवीदाराने आणि कर्जदाराने आपल्या पावत्या जपायच्या, आणि आपली येणी असलेल्या कंपनीचे नाव त्या बारीक अक्षरातल्या सूचनेत दिसले तर ती १४ दिवसांच्या आत वाचायची.